डॉल्फिन मासा नव्हे

मुळशी तालुक्यात भाताची कापणी व झोडणी आटोपून दिवाळी पार पडली, की लवळे, नांदे, सूस, पिरंगुट या बाजूची पुष्कळ कुटुंबे ताम्हिणी घाटाने खाली उतरून कोकणात जातात. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही ठिकाणे त्यांस जवळची. काही मंडळी पुढे दापोलीकडील मुरूड-हर्णैस किंवा थेट मालवण-तारकर्लीपर्यंत जातात. देवदर्शन व समुद्रस्नान यांच्या जोडीस होडीत बसून डॉल्फिन पाहून येणे हा या प्रवासाचा अलीकडे ठरलेला भाग झाला आहे. परत आल्यावर जे वर्णन ऐकावयास मिळते त्यात ‘एवढा मोठा मासा’ हे शब्द हटकून असतात, आणि ‘होडीवाल्याने मागे होडी घातली म्हणून दिसला’ हेही असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. डॉल्फिन हा मासा आहे अशी समजूत असल्यामुळेच त्याचा पाठलाग करण्यात कोणास काही वावगे वाटत नाही. गाभण म्हशीच्या मागे कोणी मोटारसायकल घातली, तर लवळ्यातील कोणताही शेतकरी त्यास दरडावल्यावाचून राहणार नाही. कारण त्याचा परिणाम काय होतो हे तो जाणतो. डॉल्फिनच्या बाबतीतही तो जाणता यावा, याकरिता या प्राण्याची शरीररचना व मोकळ्या समुद्रातील त्याचे वर्तन यांची माहिती येथे दिली आहे.

गुरांच्या भावकीतील प्राणी

डॉल्फिनच्या अंगावर खवले नसतात व मानेशी कल्ले नसतात. त्यास फुफ्फुसे असतात. त्याचे रक्त आपल्याप्रमाणे उष्ण असून शरीराचे तपमान ३६ ते ३७ अंश सेल्सिअसच्या सुमारास कायम राहते; ते टिकवून धरण्याचे काम कातडीखालील चरबीचा थर करतो. मादी अंडी घालीत नाही, ती पिलास जन्म देते व दूध पाजते. मासा व डॉल्फिन यांतील भेद दुरून ओळखण्याची सोपी खूण शेपटीत आहे. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपटी आडवी असते व तो ती वर-खाली मारतो. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. हरिण अथवा बैल चौखूर उधळतो तेव्हा त्याच्या पाठीचा कणा वर-खाली लवतो, माशासारखा बाजूस वळत नाही. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालणारे चतुष्पाद प्राणी होते, आणि पाण्यात गेल्यावरही कण्याची ती ठेवण बदलली नाही.

हे चतुष्पाद म्हणजे गाय, म्हैस, शेळी, हरिण व डुक्कर ज्यात मोडतात त्या समखुरी प्राण्यांच्या कुळातले होत. आज हयात असलेल्या प्राण्यांपैकी पाणघोडा हा डॉल्फिन व देवमासे यांचा सर्वांत जवळचा आप्त आहे. या नात्याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशात मिळाला. जम्मू भागातील कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांतून ‘इंडोहायस’ नावाच्या प्राण्याचे अवशेष बाहेर काढण्यात आले व त्यांचे सविस्तर वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारख्या सडपातळ पायांचा हा प्राणी होता. परंतु त्याच्या कानाच्या हाडाची जाडी मात्र देवमाशांच्या कानाच्या हाडासारखी होती. शेतकऱ्यास सहज पटेल असा दुसरा पुरावा पोटात आहे. गाईच्या पोटाप्रमाणे डॉल्फिनच्या पोटाचेही अनेक कप्पे असतात. तो रवंथ करीत नाही. मासा न चावता सबंध गिळतो आणि पहिल्या जाड भिंतीच्या कप्प्यात तो चिरडला जातो. डॉल्फिनचे दात टोकदार असतात खरे, पण ते सावज धरून ठेवण्यापुरते.

समुद्राचे पाणी खारट. मग हा प्राणी पितो काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याची पाण्याची गरज मुख्यतः माशांच्या अंगातील ओलाव्यातून व अन्नाच्या पचनातून भागते.

दोन जाती, दोन स्वभाव

‘सामान्य डॉल्फिन’ या नावाची जात १७५८ मध्ये लिनीअस याने नोंदली. नाव सामान्य असले तरी कोकणात होडीतून फेरी मारणाऱ्या प्रवाशास ती बहुधा दिसत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तिचा वास खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दूर असतो. लांबी साधारणतः पावणेदोन ते अडीच मीटर. पाठ गडद, पोट पांढरे आणि कुशीवर घड्याळी वाळूपात्राच्या आकाराचा पट्टा. त्याचा पुढचा भाग पिवळसर व मागचा करडा. पाठीच्या पराखाली गडद रंग खाली उतरून त्याचा कोन झालेला दिसतो, ही तिची पक्की खूण. चोच लांब व निमुळती असून जबड्याच्या प्रत्येक बाजूस चाळीस ते साठ बारीक दात असतात. अरबी समुद्रात जो प्रकार आढळतो त्याची चोच तर इतरांहून अधिक लांब असते. पूर्वी लांब चोचीच्या डॉल्फिनांस वेगळी जात मानीत. २०१६ पासून शास्त्रज्ञांनी त्यांस एकाच जातीत घेतले असून अरबी समुद्रातील प्रकारास तिची उपजात गणले आहे.

सामान्य डॉल्फिन कळपप्रिय आहे. शेकडोंचे कळप नेहमीचे. हजारांवरील कळपही पाहण्यात आले आहेत. मोठा कळप म्हणजे गर्दी नव्हे. त्यात वीस-तीस जणांच्या लहान टोळ्या असतात व त्या एकत्र येतात, पुन्हा सुटतात. माद्या व पिले यांच्या टोळ्या वेगळ्या आणि नरांच्या वेगळ्या, असेही पुष्कळदा आढळते. हे डॉल्फिन चपळ असून मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे उठणाऱ्या लाटेवर स्वार होऊन पोहतात. लाटेने पुढे ढकलले गेल्याने त्यांचे श्रम वाचतात. जहाजावरील खलाशांनी सांगितलेल्या डॉल्फिनांच्या गोष्टी बहुतेक याच जातीच्या किंवा तिच्यासारख्या खोल पाण्यातील जातींच्या असतात, आणि चित्रांतून व चित्रपटांतून आपल्या मनात बसलेला उड्या मारणारा, माणसाजवळ येणारा डॉल्फिनही तसाच. त्यामुळे किनाऱ्यावरील डॉल्फिनने तसे वागावे अशी आपली अपेक्षा असते. तो तसे वागत नाही. मग त्याने उडी मारावी म्हणून होडी जवळ नेण्यात येते.

किनाऱ्याजवळ दिसतो तो वेगळा. यास कोकणातील मच्छीमार ‘गादा’ म्हणतात. बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा याच्या पाठीवर असतो व त्या उंचवट्यावर लहानसा पर असतो. म्हणून यास वशिंडाचा डॉल्फिन म्हणावयास हरकत नाही. रंग शिशासारखा करडा, लांबी पावणेतीन मीटरपर्यंत व वजन अडीचशे किलोपर्यंत भरते. दक्षिण आफ्रिकेपासून अरबी समुद्राच्या कडेकडेने भारतापर्यंत याचा आढळ आहे, पण ती एक अरुंद पट्टी समजावी. सामान्यतः पंचवीस मीटरहून कमी खोलीचे पाणी, खाड्यांची मुखे, खडकाळ टोकांचा आडोसा ही त्याची जागा. कोकणात पाच-दहांचे लहान कळप दिसतात. वर येताना हा प्रथम चोच पाण्याबाहेर काढतो, मग पाठीचा उंचवटा दिसतो व कमान करून तो खाली जातो. नाळेच्या लाटेवर तो सहसा स्वार होत नाही. होडीपासून दूर राहणे हाच त्याचा स्वभाव. माणसाची वस्ती, बंदरे, जाळी व नद्यांतून येणारी घाण जेथे सर्वांत दाट, तेथेच याचे घर असल्यामुळे त्याची संख्या घटली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेने २०१७ मध्ये यास संकटग्रस्त जातींत घातले.

याच उथळ पाण्यात पाठीवर पर नसलेला, गोल डोक्याचा, चोच नसलेला एक लहान आप्तही राहतो. तो फार लाजाळू असून एकटा किंवा जोडीने फिरतो, पाण्याबाहेर क्षणभरच दिसतो आणि कित्येकदा त्याची ओळख मेलेल्या अवस्थेत किनाऱ्यास लागल्यावरच होते.

श्वास, झोप व कानाने पाहणे

डॉल्फिनचे नाक डोक्याच्या माथ्यावर असते. तेथील एकच भोक पाण्याखाली झडपेने घट्ट मिटते. वर येताच तो जोराने उच्छ्वास टाकतो, लगेच श्वास घेतो आणि खाली जातो. ही सारी क्रिया पापणी लवण्याच्या अवकाशात पार पडते. माणूस स्वस्थ बसलेला असता एका श्वासात फुफ्फुसातील हवेचा दहावा-आठवा हिस्सा बदलतो. डॉल्फिन एका श्वासात पाऊण हिश्शाहून अधिक हवा बदलतो. सामान्य डॉल्फिन आठ मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो व दोनशे मीटरहून खोल जाऊ शकतो. तथापि बहुतेक बुड्या याहून पुष्कळ लहान असतात.

आपला श्वास झोपेतही आपोआप चालतो. डॉल्फिनचा तसा चालत नाही. प्रत्येक श्वास त्यास जाणून घ्यावा लागतो. म्हणून तो पूर्ण झोपत नाही. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो आणि काही वेळाने त्यांची पाळी बदलते. अशा विश्रांतीच्या वेळी कळप संथपणे, एकमेकांस लागून, ठराविक अंतराने वर येत फिरत असतो. प्रवाशांस असा कळप ‘सुस्त’ वाटतो व त्यास ‘जागे करण्यासाठी’ होडीचे यंत्र मोठे करण्यात येते किंवा टाळ्या वाजविल्या जातात. रात्रभर पाणी देऊन पहाटे डोळा लागलेल्या माणसास हलवून उठविण्यासारखेच हे आहे.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. खाडीच्या मुखाशी हातभर अंतरावरचे दिसत नाही अशा ठिकाणीही डॉल्फिन मासा अचूक धरतो, तो कानाच्या बळावर. नाकाच्या भोकाखालील हवेच्या पिशव्यांजवळ तो अतिजलद टिक-टिक असे ध्वनी निर्माण करतो. कपाळातील चरबीचा गोळा ते ध्वनी भिंगाप्रमाणे एकत्र करून पुढे फेकतो. समोरच्या वस्तूवर आदळून परत येणारा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून आतील कानापर्यंत पोहोचतो. कीटक खाणारी लहान वटवाघळे रात्री हवेत हेच करतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो, समुद्राच्या पाण्यात तो १,५०० मीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे पाण्यात आवाज दूरवर व लवकर जातो. याखेरीज शिट्टीसारखे आवाज काढून डॉल्फिन एकमेकांशी संपर्क राखतात. होडीच्या यंत्राचा आवाज याच पाण्यातून जातो, हे मुद्दाम सांगावयास हवे. तीन-चार होड्यांनी वेढलेल्या मादीस आपल्या पिलाची शिट्टी ऐकू येणे कठीण होते.

शिकार

सामान्य डॉल्फिनची शिकार पुष्कळशी रात्री होते. दिवसा खोल अंधारात राहणारे लहान मासे व म्हाकूल रात्र पडली की वर सरकतात, आणि त्यांस गाठण्यासाठी डॉल्फिनास फार खोल जावे लागत नाही. दिवसा तारली, बांगडा, मांदेली यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांवर तो समूहाने तुटून पडतो. काही डॉल्फिन थव्याच्या खालून व बाजूंनी फिरून मासे एकत्र रेटतात, थवा चेंडूसारखा आवळला जाऊन पृष्ठभागाकडे ढकलला जातो आणि मग आळीपाळीने त्यात शिरून मासे टिपले जातात. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जून-जुलैत तारलीच्या जातीच्या माशांचे प्रचंड थवे उत्तरेकडे सरकतात, तेव्हा हजारो सामान्य डॉल्फिन त्यांच्या मागे असतात. वर पाण्यावर पक्ष्यांची झुंबड उडालेली असते. आपल्याकडील मच्छीमारही कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले की खाली मासळी आहे असे ओळखतो. त्या मासळीखाली गादाही असण्याचा संभव असतो.

वशिंडाचा डॉल्फिन किनाऱ्यालगत बोई, ढोमा यांसारखे मासे एकट्याने किंवा लहान टोळीने धरतो. खडक, पुळणीची उतरण व भरती-ओहोटीचा प्रवाह यांचा आडोसा घेऊन तो मासा कोंडीत पकडतो. त्यास जाळे म्हणजे आणखी एक कोंडी, आणि तीही आयती भरलेली.

तंट्याचे मूळ येथेच आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची तक्रार अशी, की गादा जाळ्यातील मासळी ओढतो व जाळे फाडतो. ही तक्रार खरी आहे, ती उडवून लावणे बरोबर नव्हे. नायलॉनचे जाळे महाग असते, आणि ते पुन्हा विणण्यात गेलेला दिवस मासेमारीचा बुडालेला दिवस असतो. रानडुकराने भात तुडविला असता मुळशीच्या शेतकऱ्यास जे वाटते, तेच जाळे फाटलेल्या गाबीत बंधूस वाटत असणार. पण या व्यवहारात दुसऱ्या बाजूचे नुकसान जिवाचे असते. मासा जाळ्यात अडकला तरी कल्ल्यांतून पाणी खेळते तोवर जगतो. डॉल्फिन अडकला आणि त्यास वर येता आले नाही, तर काही मिनिटांत तो गुदमरून मरतो. समुद्रात राहणारा प्राणी पाण्यात बुडून मरतो हे ऐकण्यास विचित्र वाटते. परंतु फुफ्फुसे असलेल्या प्राण्यास दुसरी गती नाही.

खोल समुद्रातील आकडे यापेक्षा पुष्कळ मोठे आहेत. कुप्यासारखे मोठे मासे धरण्यासाठी हिंदी महासागरात मैलोगणती लांब जाळी सोडतात. १९५० ते २०१८ या काळात अशा जाळ्यांत अडकून सुमारे ४१ लाख डॉल्फिन व तत्सम लहान प्राणी मेले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य डॉल्फिनही त्यांत आहे.

माणूस व डॉल्फिन यांचे याहून निराळे नातेही असू शकते. दक्षिण अमेरिकेत ब्राझील देशातील लागुना येथे मच्छीमार कमरेइतक्या पाण्यात पागाची जाळी घेऊन उभे राहतात. तेथील डॉल्फिन बोईच्या जातीच्या माशांचा थवा त्यांच्याकडे रेटीत आणतात व विशिष्ट हालचाल करतात, की मच्छीमार जाळे फेकतात. थवा विस्कळीत होतो आणि सुटलेले मासे डॉल्फिनास मिळतात. ही रीत तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे ती नाही, आणि ती शिकविण्याचा खटाटोप करण्यातही अर्थ नाही. फायदा दिसला तर डॉल्फिन माणसाच्या वागणुकीप्रमाणे आपली वागणूक बदलतो, एवढेच यावरून घ्यावयाचे.

पिलाचे संगोपन

बांगड्याची मादी एका हंगामात हजारो अंडी घालते. त्यांतील बहुतेक नष्ट झाली तरी उरलेल्यांवर पुढच्या वर्षीची मासळी उभी राहते. डॉल्फिनचा हिशेब गोठ्यातल्यासारखा मांडावा लागतो, आणि तो गाईपेक्षाही वाईट उतरतो. डॉल्फिनची मादी दहा ते बारा महिने गाभण राहते व तिला एका वेळी एकच पिलू होते. पिलू बहुधा शेपटीकडून बाहेर येते. सामान्य डॉल्फिनचे नवजात पिलू ८० ते ९० सेंटिमीटर लांब असते. वशिंडाच्या डॉल्फिनचे सुमारे एक मीटर. जन्मताच त्यास पृष्ठभागावर येऊन पहिला श्वास घ्यावा लागतो. गर्भात दुमडून राहिल्यामुळे पडलेल्या आडव्या घड्यांचे फिकट पट्टे काही दिवस त्याच्या अंगावर दिसतात.

मादीचे सड पोटाच्या मागील भागातील चिरेत दडलेले असतात. पिलास ओठ नसल्याने वासराप्रमाणे ते चोखू शकत नाही. जिभेची पन्हळ करून ते सडास लागते व दूध त्याच्या तोंडात सोडले जाते. हे सारे बुडी मारून, श्वास रोखलेल्या थोड्या वेळात उरकावे लागते, म्हणून दूध दाट असते. गाईच्या दुधात ३ ते ५ टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात ६ ते ८. डॉल्फिनच्या दुधात तो दहा टक्क्यांहून अधिक, कित्येकदा वीसच्या घरात असतो. दिवसातून पुष्कळ वेळा थोडे थोडे पाजावे लागते. पिलू आईच्या कुशीला किंचित मागे चिकटून पोहते. आईच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीने ते जवळजवळ आयतेच पुढे जाते. ती जागा सुटली की पिलास स्वतःच्या बळावर पोहावे लागते, आणि ते फार वेळ जमत नाही.

पूर्व पॅसिफिक महासागरात पिवळ्या पराचे कुपा मासे डॉल्फिनांच्या कळपाखाली फिरतात. १९५० नंतरच्या दशकात तेथील जहाजांनी डॉल्फिनांचा पाठलाग करून कळप व मासे एकाच जाळ्याने वेढण्याची पद्धत सुरू केली. तिच्यामुळे साठ लाखांहून अधिक डॉल्फिन मेल्याचा अंदाज आहे. पुढे कायदे झाले, जाळ्यातून डॉल्फिन सोडून देण्याच्या युक्त्या निघाल्या व मृत्यूंची नोंद फारच कमी झाली. तरीही कळप अपेक्षेप्रमाणे वाढेनात. शास्त्रज्ञांनी जी कारणे सुचविली त्यांत एक असे, की पाठलागात पिले आयांपासून तुटतात आणि ती जाळ्यात सापडलेली नसल्याने मेलेल्यांत मोजलीही जात नाहीत.

वशिंडाच्या डॉल्फिनची मादी दहाव्या वर्षाच्या सुमारास वयात येते आणि दोन वितांत साधारण तीन वर्षांचे अंतर राहते. चौतिसाव्या वर्षापर्यंत ती व्याली असे धरले, तरी सारी वेते मिळून आठ होतात. त्यांतील काही पिले जगत नाहीत. एका लहान टापूतील पाच-दहांच्या कळपात वर्षाकाठी एखादी मादी जरी जाळ्यात गेली, तरी तो तोटा भरून निघत नाही.

होडीतून पाहताना

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे डॉल्फिनांची अनेक वर्षे नोंद ठेवण्यात आली आहे. सहलीची होडी एक असता व ती दोन झाल्यावर, अशी तुलना तेथे केली गेली. दोन होड्यांच्या काळात त्या भागातील डॉल्फिनांची संख्या घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील एकेका किनाऱ्यावर एका सकाळी किती होड्या सुटतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस अधिक सांगण्याची गरज नाही. होडीवाल्यास मात्र सरसकट दोष देऊ नये. त्याचा तो रोजगार आहे, आणि ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह बहुधा घाटावरून गेलेल्या आपल्यासारख्या प्रवाशांचाच असतो. गिऱ्हाइकाने दूरच राहा असे सांगितले, तर तो आनंदाने दूर राहील. त्याचे इंधनही वाचेल.

सहल काढणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी होडीत बसण्यापूर्वीच हे ठरवून घ्यावे. डॉल्फिन दिसल्यावर होडीचा वेग अगदी कमी करावा. कळपाच्या वाटेत आडवे जाऊ नये, कळपाच्या मधून होडी काढू नये आणि दोन होड्यांमध्ये कळप कोंडू नये. निदान पन्नास मीटरचे अंतर असावे. पिलू दिसल्यास त्याच्या दुप्पट. दहा-पंधरा मिनिटे पाहून झाले की निघावे. खाऊ टाकणे, आरडाओरड करणे, पाण्यात उडी घेणे हे सर्वस्वी वर्ज्य. यंत्र बंद करून स्वस्थ बसलेल्या होडीजवळ डॉल्फिन पुष्कळदा आपण होऊन येतात व त्यांच्या उच्छ्वासाचा ‘फूऽस’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. धावत्या होडीतून तो कधीच ऐकू येत नाही.

कळपास त्रास होत आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. बुड्या लांबतात. दिशा वारंवार बदलते. पांगलेले डॉल्फिन एकदम जवळ येतात, किंवा शेपटी पाण्यावर जोराने आपटली जाते. उडीचा अर्थ मात्र एकच नसतो. मासे रेटताना, वेगाने प्रवास करताना, अंगास चिकटलेला जीव झटकून टाकताना, एकमेकांस सूचना देताना अशा अनेक प्रसंगी डॉल्फिन उडी मारतो. ती प्रवाशांच्या स्वागतासाठी असते असे मानण्यास आधार नाही.

लवळ्याचे पाणी कोठे जाते

शेतीविषयक पत्रिकेत समुद्रातील प्राण्याचा विचार कशाला, असे एखाद्या वाचकास वाटले असेल. लवळ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यांवाटे मुळेत जातो. मुळा-मुठा भीमेस, भीमा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. तालुक्याच्या वरच्या अंगाचे पाणी मात्र उलट दिशेस जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला, त्या टाटांच्या धरणाचे पाणी डोंगरातून भिरा येथील वीजगृहावर उतरते, तेथून कुंडलिका नदीत पडते आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत अरबी समुद्रास मिळते. एकाच तालुक्याचे पाणी असे दोन समुद्रांत पोहोचते.

बंगालच्या उपसागरात दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर सापडलेल्या डॉल्फिनांच्या चरबीची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चरबीत डी.डी.टी. व तत्सम क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अंश आढळले. ही औषधे पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. बारीक जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि शेवटी डॉल्फिनमध्ये त्यांचे प्रमाण वाढत जाते. मादीच्या अंगी साचलेले विष दुधावाटे पिलास जाते व त्यातही पहिल्या वेताच्या पिलास त्याचा सर्वांत मोठा वाटा मिळतो. शेतीत डी.डी.टी. वापरण्यास आपल्या देशात १९८९ पासून बंदी आहे आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. हल्लीची बहुतेक औषधे त्या मानाने लवकर विघटन पावतात. तरीही फवारणीचा पंप ओढ्यात धुणे, रिकामे डबे पाण्यात टाकणे आणि पावसाची चिन्हे असता फवारा मारणे या सवयी सोडावयास हव्यात. त्यांचे पहिले नुकसान ओढ्यातील मासे, खेकडे व पाण्यावर जाणारी आपलीच गुरे यांचे होते. डॉल्फिनपर्यंत जे पोहोचते ते त्यानंतरचे.

कायदा व मदत

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनांचा समावेश असल्याने त्यास मारणे, पकडणे, त्याचे मांस वा चरबी बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१३ च्या मे महिन्यात केंद्र शासनाने करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडून ठेवण्यासही मनाई केली. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. तीकरिता प्राणी सोडतानाचे छायाचित्र अथवा चित्रफीत लागते. ज्यांचे आप्त कोकणात मासेमारीच्या धंद्यात आहेत, त्यांनी ही माहिती त्यांस जरूर कळवावी. ती पुष्कळांपर्यंत पोहोचलेली नसते.

किनाऱ्यावर फिरताना जिवंत डॉल्फिन वाळूवर पडलेला आढळल्यास गावकरी त्यास शेपटीस धरून समुद्रात ओढू लागतात. हेतू चांगला असतो, पण शेपटीचे सांधे निखळतात व प्राणी अधिक लवकर मरतो. आजारी प्राणी तसाच पाण्यात लोटला तर तो पुन्हा किनाऱ्यास लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे देवमाशाचे पिलू वाळूत आले असता त्यास खोल पाण्यात नेण्यासाठी पुष्कळ मंडळी झटली. तरीही ते वाचले नाही. म्हणून प्रथम वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसे येईपर्यंत प्राण्यास पोटावर सरळ ठेवावे, अंगावर ओले फडके घालून पाणी शिंपडीत राहावे, वर सावली करावी. माथ्यावरील श्वासाच्या भोकावर फडके येऊ देऊ नये व त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. बाजूच्या वल्ह्यांखाली वाळू उकरून खळगे केले तर त्यांवर भार पडत नाही. कुत्री व बघ्यांची गर्दी दूर ठेवावी. प्राणी मेलेला असल्यास उघड्या हाताने शिवू नये; जागा, लांबी व पाठीवरील पराचा आकार लिहून, छायाचित्र घेऊन ते वनखात्यास द्यावे.